लवू साचेवाल्याची दुसरी पाळी

लवू घाडीच्या रिक्षेचा मागचा पत्रा पाहिला की माणूस एकदा तरी थबकायचा. डावीकडे भगवा स्टिकर, उजवीकडे निळा, आणि मधोमध पिवळ्या रंगात रंगवलेलं ‘सीतारामची आठवण’. एका गाडीत हे दोन पक्ष बसतात तरी कसे, असं एखादं खवचट गिऱ्हाईक विचारायचंच. “बसत नाहीत हो,” लवू सांगायचा, “आळीपाळीने चालवतात.”

उत्तर अगदी खरं होतं. गाडी सुंदराबाईची. तिचा नवरा सीताराम वारला आणि परमिट तिच्या नावावर झालं, तेव्हा तिने दोन ड्रायव्हर ठेवले. सकाळपासून दुपारी दोनपर्यंत शिवदास चालवायचा आणि दोनपासून गाडी रात्री तिच्या दारात लागेपर्यंत लवू. शिवदास तिशीतला, सिद्धार्थनगरात राहणारा, बौद्ध, घराणं नगरकडचं. लवू पंचेचाळिशीचा, डोंगराच्या उतारावरच्या गणेश चाळीतला, मूळ मालवणचा. दोघांच्या वस्त्यांमध्ये पालिकेची पाण्याची टाकी होती, तिच्यापाशी गाडी एकाच्या हातून दुसऱ्याच्या हातात जायची.

साल पंच्याऐंशी. महापालिकेच्या निवडणुकीचे दिवस. घाटकोपरला भिंत दिसायची सोय उरली नव्हती, सगळी पोस्टरांनी भरलेली. गाडीवर आधी शिवदासने ‘जय भीम’ लावला की लवूने ‘जय महाराष्ट्र’, हे दोघांनाही आता सांगता आलं नसतं. सुंदराबाईने मात्र पहिल्याच दिवशी खडूने पत्र्यावर दोन रेघा मारल्या. “अर्धा तुझा, अर्धा त्याचा, मध्ये माझा घोव. त्याच्यावर कुणी चिकटवलं तर हात मोडीन. आणि ऐका दोघं. ह्या गाडीवरनं मारामारी झाली ना, तर त्याच दिवशी गाडी विकीन. मुलुंडचा एकजण कधीचा मागतोय.”

ती बोलली म्हणजे करणार, हे लवूला ठाऊक होतं. आणि गाडी गेली तर लवूचं काय, हेही ठाऊक होतं. गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा सगळ्या कामगारांसारखं त्यालाही वाटलं होतं, महिनाभरात भोंगा वाजेल. भोंगा काही वाजला नाही. त्याची बायको प्रेमा, तिने पोळीभाजीचे डबे करून घर ओढलं आणि चाळिशी उलटलेल्या लवूने सीतारामच्या शेजारी बसून, लहान पोरागत शिव्या खात, रिक्षा शिकली. आता तिसरा धंदा शिकायचं वय उरलं नव्हतं.

पण मनातून तो अजून साचेवालाच होता. विणकर म्हणा, पण गिरणीत मागाला साचा आणि विणकराला साचेवाला म्हणतात, आणि साचाखातं म्हणजे गिरणीतलं मानाचं खातं. लवू रिक्षा चालवायचा तीही पाळीच्या भाषेत. दोन वाजताची ती ‘दुसरी पाळी’. गाडी घ्यायची ती साचा घेतल्यासारखी. शिवदास उतरला की लवू टाकीच्या नळावर फडकं भिजवायचा, घट्ट पिळायचा आणि ड्रायव्हरची सीट, हँडल, मीटर, सगळं पुसून काढायचा. पाळी बदलताना साचा पुसून घ्यायचा ही साचाखात्याची शिस्त. भोंग्यानंतर साच्यावर घाण दिसली तर ती तुझी. फडकं रात्री घरी यायचं, प्रेमा धुऊन वाळत घालायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा खिशात. चाळीत कुणी विचारलं तर लवू हे सगळं मोठ्या तोऱ्यात सांगायचा. शिवदासने कधी विचारलं नव्हतं. तो उतरायचा, किल्ली लवूच्या हातात न देता मीटरवर ठेवायचा आणि चालायला लागायचा. मागे वळून बघायचा नाही.

लवूच्या मते ह्याला कारण एकच, तो निळा स्टिकर. ह्या लोकांचं असंच, हे त्याने चहाच्या टपरीवर इतक्यांदा ऐकलं होतं की ते त्याला स्वतःचंच मत वाटायचं. नाकावर राग. सरळ बोलायचं नाही. आणि सरकारचे जावई. सरकारचा हा जावई पहाटे उठून आपल्याच गाडीच्या इंजिनावर कंबर मोडतो, हे लवू रोज बघायचा, पण बघणं वेगळं आणि मत वेगळं. तिकडे सिद्धार्थनगरातही भगव्या स्टिकरबद्दल काही फार उदार बोललं जात नसणार. शिवदास होळीच्या सुमारास आठवडाभर गावी गेला तेव्हा सकाळची पाळी चंद्रप्रकाश राणे नावाच्या चाळीतल्याच माणसाने केली. तो आठवडा लवूला फार सुखाचा गेला. चंद्रप्रकाश थांबायचा, दोघं टाकीच्या कट्ट्यावर अर्धा अर्धा चहा मारायचे आणि गप्पांच्या ओघातच लवू गाडीत बसून निघायचा. पाळी बदलावी तर अशी, असं त्याने प्रेमालाही सांगितलं होतं.

मतदान जवळ आलं आणि लवूचा स्टिकर ओरबाडलेला सापडायला लागला. पहिल्यांदा त्याने सोडून दिलं, नवा लावला. दोन दिवसांनी पुन्हा तेच. भगव्याच्या नुसत्या चिंध्या, गोंदाचे पांढरे डाग, आणि शेजारी निळा स्टिकर मात्र कोरा करकरीत, जसा काही आताच चिकटवलाय. तिसऱ्यांदा हे झालं तेव्हा लवूच्या डोक्यात तिडीक गेली.

“काय रे ए,” त्याने टाकीपाशी पाठमोऱ्या शिवदासला हाक मारली. “हे तुझं काम ना?”

शिवदास वळला. आधी पत्र्याकडे बघितलं, मग लवूच्या हातातल्या ओल्या फडक्याकडे. “तुला जे वाटायचं ते वाटू दे,” तो म्हणाला आणि गेला.

लवूला हा कबुलीजबाब वाटला. संध्याकाळी टपरीवर जयवंत भेटला. जयवंत गणेश चाळीतलाच, लवूच्या डोळ्यांसमोर वाढलेला पोरगा, आता पक्षाच्या मंडळाचा पुढारी. दाढी ठेवली होती आणि बोलताना दाढी खाजवायचा. लवूने त्याच्यापाशी सगळं ओकलं. स्टिकर, करकरीत निळा, मीटरवर ठेवलेली किल्ली, ते तोडून बोलणं. बोलता बोलता आवाज चढला. “एकदा दाखवायला पाहिजे ह्यांना,” असंही तो म्हणून गेला.

“किती वाजता देतो तो गाडी? दोनला ना?” जयवंत म्हणाला. “काका, तुम्ही उद्या जरा उशिरा या. तुम्हाला कशाला ताप. आम्ही असतो टाकीवर.”

नको रे, हे दोन शब्द होते. ते बोलायला काही पैसे पडत नव्हते. लवूने उरलेला चहा प्यायला, गाडी चालू केली आणि गिऱ्हाईक घ्यायला निघून गेला.

सकाळ झाली तशी त्याला दुपारचे दोन दिसायला लागले. आधी त्याला गाडीची काळजी वाटली, हे मान्य करायला हवं. पोरं हात उगारताना गाडी आणि माणूस असा फरक करत नाहीत. काच फुटेल, सुंदराबाई गाडी विकेल. मग हळूहळू शिवदासचा विचार यायला लागला. तो एकटा असणार, आणि त्याला काहीच माहीत नसणार. लवू जयवंतच्या दाराशी गेला. आई म्हणाली, “पोस्टरं लावायला गेलाय, आता दोनलाच टाकीवर भेटेल.” तिलाही वेळ ठाऊक होती.

तो तसाच सुंदराबाईकडे गेला. ती ओट्यावर नारळ फोडत होती. “बाय,” लवू म्हणाला, “आज दुपारची पाळी नको. गाडी तू सांगून दारातच उभी कर. काहीतरी काम काढ. गॅरेज म्हण.”

“का रे?”

लवू चाचपडला. मग म्हणाला, “शिवदासने माझा स्टिकर फाडला. तिसऱ्यांदा. पोरं भडकलीत.”

सुंदराबाईने हातातली कवटी खाली ठेवली. “शिवदास कशाला फाडतोय! मी खरवडते. उलथन्याने. रात्री गाडी दारात लागली की तुझा पण काढते आणि त्याचा पण. मेले रंग फासून ठेवतात माझ्या घोवाच्या दोन्ही अंगाला! तो सकाळी येतो, बघतो, हसतो आणि नवा लावतो. तुला दुपारी त्याचा नवा दिसतो आणि तुझा फाटका. इतकी साधी गोष्ट, मला येऊन विचारलंस का?”

लवू जायला वळला.

“पोरं भडकलीत म्हणजे काय?” तिने विचारलं. “लवू, मारामारी झाली तर विकीन म्हटलंय मी. डोळ्यांदेखत विकीन.”

“होणार नाही,” लवू म्हणाला. पण शिवदास गाडी घेऊन कुठे फिरतोय, हे दोघांपैकी कुणालाच माहीत नव्हतं. फक्त एक गोष्ट सुंदराबाईला माहीत होती. तो जेवायला घरी येतो.

सिद्धार्थनगर टाकीपासून हाकेच्या अंतरावर, पण एवढ्या वर्षांत लवूने तिथे पाय ठेवला नव्हता. गिऱ्हाईक त्या बाजूचं असलं तर तो नाक्यावरच सोडायचा. आत शिरताना त्याला वाटलं, सगळे आपल्याकडे बघतायत. निळी तोरणं गल्लीभर बांधलेली. दोन बाया नळावर बोलत होत्या त्या गप्प झाल्या. एका पोराने दुसऱ्याला कोपराने ढोसलं. आपण भगव्यातले, हे ह्यांनी कसं ओळखलं? कपाळावर तर काही लिहिलेलं नाही. अंगात खाकी शर्ट, पायात स्लिपर. त्याने हात उगाच खिशात घातला, तिथे फडकं होतं.

शिवदासचं घर विचारत तो दारापर्यंत पोचला. दारात शिवदासची बायको सुगंधा सुपात तांदूळ निवडत बसली होती. तिने मान वर केली आणि तिचा हात सुपातच थांबला.

“तुमीच ना ते,” ती म्हणाली. “ह्यांच्या मागं सीट धुनारे?”

लवूला कळायला वेळ लागला. आधी त्याला वाटलं, ओळख पटवण्यासाठी विचारतेय. तो हो म्हणणार होता. मग तिच्या चेहऱ्याकडे नीट बघितलं आणि त्या ‘मागं’ शब्दाचा अर्थ एकदम त्याच्या अंगावर आला. नळावरच्या बाया, कोपर मारणारा पोरगा. त्यांनी भगव्या स्टिकरवाल्याला ओळखलंच नव्हतं. त्यांनी सीट धुणाऱ्याला ओळखलं होतं.

“तसं नाय हो ताई!” तो जवळजवळ ओरडला. “देवाशप्पथ तसं नाय! ती गिरणीतली सवय. साचा पुसून घ्यायचा असतो!”

आत खाटेवर एक म्हातारा भिंतीला टेकून बसला होता. शिवदासचा बाप, त्याला सगळे नाना म्हणायचे. डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा, हात मोठे. “कोनत्या गिरनीत?” त्याने आतून विचारलं. लवूने सांगितलं. “आनि खातं?”

“साचाखातं.”

“या आत. बसा,” नाना म्हणाला. सुगंधा उठली नाही, पण पाय बाजूला घेतले. लवू आत जाऊन पेटीवर बसला. नानाने डोळ्यांवरचा चष्मा सारखा केला. “मी बी गिरनीतलाच. रिंगखात्यात जन्म गेला माजा. सूत काढायचो. ते सूत जायचं तुमच्या साचाखात्यात. पाळी बदलताना तुमी साचा पुसता व्हय?”

“पुसतो ना. शिस्तच असते, नाना.”

“असंल. मला कसं ठावं असनार?” नानाचा आवाज चढला नव्हता, हेच लवूला जड जात होतं. “आमच्या मानसाला साचाखात्यात घेतच नव्हते. साच्याच्या धोट्यातनं दोरा तोंडानं ओढायचा, आनि आमच्या तोंडचा दोरा बाकीच्यांनी तोंडात कसा घ्यावा? पस्तीस पावलांवर दार होतं ते. मी कदी आतनं बघितलं नाई.”

लवूला ही गोष्ट माहीत होती. साचाखात्यातल्या प्रत्येकाला माहीत होती. ती कुणी बोलायचं नाही, एवढंच.

“पान्यानं पुसता?” नानाने विचारलं.

“धूळ फार असते उन्हाळ्यात.”

“आनि सगळ्यांच्याच मागं पुसता ना?”

“सगळ्यांच्या!” लवू ताडकन म्हणाला. ह्या एका बाबतीत तरी त्याला जमिनीवर पाय टेकल्यासारखं वाटलं. “साचा कुणाच्या का हातून येईना. पुसायचा म्हणजे पुसायचा.”

बोलण्याच्या नादात बाहेर रिक्षा थांबलेली कुणाला कळली नव्हती. शिवदास दारात आला आणि लवूला पेटीवर बसलेला पाहून चौकटीतच थांबला. गल्लीतले चार-पाच जण त्याच्या मागे येऊन उभे राहिले.

“हा इथे काय करतोय?”

“शिवदास, आज दोनला टाकीवर येऊ नको,” लवू उठून म्हणाला. “गाडी मला इथेच दे. पोरं थांबलीत तिथे. तुझ्यासाठी.”

“कुणाची पोरं?”

“मंडळाची. स्टिकर तू फाडलास असं त्यांना वाटतं.”

“का वाटतं?”

आता खोटं बोलून भागणार नव्हतं. “मीच बोललो. काल संध्याकाळी. सुंदराबाई खरवडते हे मला माहीत नव्हतं.”

मागून कुणीतरी शिवी हासडली. एकजण आत घुसायला लागला, त्याला सुगंधाने सूप आडवं धरून अडवलं. शिवदास मात्र हसला. फार वाईट हसला. “स्टिकरसाठी! अरे म्हातारी खरवडते हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. मला वाटायचं, तुला पण माहीत असेल. स्टिकरचं मला काय घेणंदेणं? आज निवडणूक आहे, उद्या नाही. तू रोज माझी पाठ फिरली की सीट धुतोस, त्याचं बोल ना.”

“ती गिरणीची...”

“ऐकलं मी, दारातून. बाबाने ऐकलं, बास.” तो आत आला, माठातलं पाणी घटाघटा प्यायला. सगळे त्याच्याकडे बघत होते. “गाडी मी इथे देणार नाही. मी दोनला टाकीवर देतो. आजही तिथेच देणार. आज नाही गेलो तर उद्या तिथून चालता पण येणार नाही मला. तुला यायचं तर मागे बस.”

“शिवा, येडेपना करू नको,” सुगंधा म्हणाली. पण नाना काही बोलला नाही, आणि नाना बोलत नाही म्हटल्यावर ती पण गप्प झाली.

एवढ्या दिवसांत लवू आपल्या गाडीत मागच्या सीटवर कधी बसला नव्हता. पुढे शिवदासची पाठ, घामाने भिजलेला खाकी शर्ट, आणि त्याच्या बुडाखाली ती सीट. टाकीचा रस्ता एवढासा, पण लवूला तो संपूच नये असं वाटत होतं. काय करायचं हे त्याने ठरवलं नव्हतं. आपण बरोबर असलो की पोरं हात उचलणार नाहीत, एवढाच त्याचा भरवसा, आणि तोही वळणावळणाला कमी होत होता.

जयवंत कट्ट्यावर बसला होता. बरोबर सहा-सातजण. हातात झेंड्यांच्या काठ्या, झेंडे काढून बाजूला ठेवलेले. रिक्षा थांबली तशी ती पोरं उठली आणि सावकाश पसरली. शिवदास उतरला. रोजच्यासारखी किल्ली मीटरवर ठेवली. पण आज तो चालायला लागला नाही, गाडीला टेकून उभा राहिला. चालायला वाट नव्हतीच.

“काका!” जयवंतला नवल वाटलं. “तुम्ही मागे कसे? उशिरा या म्हटलं होतं ना.”

“जयवंत, माझी चूक झाली,” लवू घाईघाईने म्हणाला. “स्टिकर ह्याने नाही फाडला. सुंदराबाई खरवडते, दोघांचे. तिनेच सांगितलं मला सकाळी. जा रे तुम्ही आता. पोरांना घेऊन जा.”

जयवंतने दाढी खाजवली. एका पोराने काठी खाली टेकवली. वाटलं, निभावलं. “बरं, स्टिकरचं सोडा,” जयवंत म्हणाला. “तुम्ही आधी गाडी ताब्यात घ्या. पुसून घ्या, रोजच्यासारखी. मग बाकीचं आमचं आम्ही बघतो.”

लवूने खिशातून फडकं काढलंही होतं. हात आपोआप गेला. तो नळाकडे एक पाऊल टाकून थांबला.

“पुसा ना काका,” जयवंत हसत म्हणाला. आवाजात खरोखरचा आदर होता, थट्टा नव्हती. “आम्ही रोज बघतो ना इथून. मी ह्या पोरांना दाखवतो. बघा म्हणतो, लवूकाका. गिरणी गेली, धंदा गेला, ह्यांच्याबरोबर एका गाडीवर काम करायची पाळी आली, पण विटाळ चालवून घेत नाही. पुसल्याशिवाय बसत नाही. म्हणून तर काल तुमच्या एका शब्दावर आलो सगळे.”

नळ थेंब थेंब गळत होता. पोरं लवूकडे बघत होती, आणि त्या नजरांमध्ये कौतुक होतं. शिवदास पण बघत होता. सिद्धार्थनगर आणि गणेश चाळ, ज्यांचं एका गोष्टीवर कधी एकमत झालं नसतं, त्यांचं लवूच्या फडक्याबद्दल पूर्ण एकमत होतं. चुकत होता तो एकटा लवूच. त्याला ओरडून सांगावंसं वाटलं, अरे, साचा पुसतो मी, साचा! पण सकाळपासून एकदा तो हे ओरडला होता, आणि नानाच्या खोलीत त्याचं काय झालं हेही त्याने पाहिलं होतं.

त्याने कोरडं फडकं तसंच खिशात कोंबलं. किल्ली उचलली आणि पुढच्या सीटवर बसला. सीट गरम होती. “शिवदास,” तो पुढे बघत म्हणाला, “मागे बस. घरी सोडतो तुला.”

शिवदास हलला नाही.

“बस म्हणतो ना, बाबा!” लवूचा आवाज फाटला. त्याने लिव्हर ओढला. इंजिन खोकून बंद पडलं. पुन्हा ओढला. जयवंतचं हसू मावळलं होतं. “काका, चाळीतच राहायचंय ना तुम्हाला?” तो म्हणाला. लवूने तिसऱ्यांदा लिव्हर ओढला आणि इंजिन धडधडलं. शिवदास आत बसला, तेवढ्यात मागच्या पत्र्यावर काठी पडली. मग दुसरी. तिसरी टपाच्या रेक्झिनवर. लवूने गाडी सोडली ती थेट सिद्धार्थनगरच्या नाक्यापर्यंत मागे न बघता.

तिथे शिवदास उतरला. “उद्यापासून इथे ये गाडी घ्यायला,” शिवदास म्हणाला. “टाकीवर नको.” एवढंच. आभार नाहीत, काही नाही, आणि लवूला ते योग्यच वाटलं.

सुंदराबाईने पत्रा बघितला. सीतारामच्या नावावर मोठा पोचा आला होता. लवूने काहीही न लपवता सगळं सांगितलं आणि ती आता मुलुंडच्या माणसाचं नाव घेईल म्हणून वाट बघत उभा राहिला. “माणसाला लागलं का?” तिने विचारलं. लवूने नाही म्हणून मान हलवली. “मग मारामारी कसली? नुसता पत्रा ठोकला मेल्यांनी.” ती आत गेली, उलथनं घेऊन आली आणि भर दिवसा, शेजारणींच्या देखत, दोन्ही स्टिकर गोंदासकट खरवडून काढले.

दिवेलागणीला लवू पाळी अर्धी टाकून घरी आला. चाळीच्या जिन्यात जयवंतची आई भेटली, ती तोंड फिरवून वर गेली. आत प्रेमा उद्याच्या डब्यांची भाजी चिरत होती. बातमी तिच्यापर्यंत आधीच पोचली होती, पण ती काही विचारत नव्हती. नवऱ्याला बोलायचं असलं की तो आपणच बोलतो, हे तिला ठाऊक होतं.

आणि लवू बोलला. शर्ट न काढता, भिंतीला टेकून, तो बोलत सुटला. दिवसभर गिळलेलं सगळं बाहेर आलं. “बघ काय लोक असतत! एक माका विटाळ पाळणारो म्हणान शिव्या घालता, दुसरो विटाळ पाळणारो म्हणान पाया पडता! अख्ख्या घाटकोपरात माझ्या मनात काय असा ता विचारूक एकपण मनीस नाय. साच्याची शिस्त ती. मी काय शिवदासाच्या मागसूनच पुसय होतंय? चंद्रप्रकाश चालवी तेवापण पुसय होतंयच ना!”

प्रेमाची विळी थांबली. तिने मान वर केली नाही.

“चंद्रप्रकाश चालवी तेवा,” ती म्हणाली, “आठवडोभर फडक्या धुवूक इलाच नाय.”

लवू असं कसं होईल, म्हणणार होता. मग तो आठवायला लागला. टाकीचा कट्टा आठवला, अर्धा अर्धा चहा आठवला, चंद्रप्रकाशचं हसणं आठवलं, गप्पांच्या ओघात त्याच गरम सीटवर बसून निघणं आठवलं. नळावर गेल्याचं काही केल्या आठवेना. प्रेमाने धुवायला म्हणून रोजच्यासारखा हात पुढे केला. लवू खिशात हात घालून तसाच बसून राहिला.